दुरुस्तीचा आठवडा

फेरीबोट वर ओढून घेतली आहे,
तळाचा गंज खरवडतायत,
म्हणून मला आठ दिवस घर.

पहिल्या दिवशी साडेचारलाच जाग आली.
काळोखात उभा राहून अंगण मोजलं:
आठ स्कूटर, एक टेंपो,
तुळशीला वळसा घालून जमल्यास दोन सायकली.
कुंदा खिडकीतून म्हणाली, झोपा हो.
झोप आली नाही, नुसता आडवा झालो,
आणि खाट हलत नाही याचं
बराच वेळ नवल करत राहिलो.

चोडणच्या आमच्या टोकाला
पोदेराचा भोंगा साडेसहाला येतो.
बावीस वर्षं हे मला फक्त ऐकून माहीत.
या खेपेला फाटकात जाऊन चार उंडे घेतले,
बोटं आलटूनपालटून धरावे लागतील इतके गरम.
एक पायरीपर्यंत येता येता संपला.
उरलेले तिने मोजले
आणि चहा थोडा जास्त ओतला.

मग सोलांची राखण.
सुपांत भिरंडांची सालं,
स्वतःच्याच रसात बुडवून पुन्हा उन्हात घातलेली.
माझ्याकडे वेताची काठी,
समोर रुझारच्या कोंबड्या.
त्यातली तांबडी फार हुशार, सरळ येत नाही,
जास्वंदीमागून तिरकी येते,
उशीर झालेल्या मोटरसायकलवाल्यासारखी.
मी हात वर करतो: थांब.
थांबते. सवय आहे माझ्या हाताला.

जुना दोर घरी आणला होता, बोटीनं टाकून दिलेला.
त्याचं पायपुसणं विणायला घेतलं.
गाठी मला येतात त्या सगळ्या सुटणाऱ्या,
घाईच्या, लाटेच्या बेतानं मारलेल्या.
कायमची गाठ मारायची तर बोटं अडखळतात.
एक बाजू फुगली आहे.
कुंदा म्हणते, राहू दे,
चोडणचा नकाशा वाटतो.

बुधवारी रुझारबरोबर मानशीवर गळ टाकून बसलो.
तो बोलत नाही, मी बोलत नाही,
खाजनातलं पाणी फळ्यांखालून आवाज करत जातं.
तीन काळुंदरं, एक फारच लहान,
ती परत सोडली.
नदीवर जन्म गेला
आणि नदीत डोकावून कधी पाहिलंच नव्हतं,
पाहायची होती ती गाड्यांची चाकं.
संध्याकाळी खुरसाकडे लादाइन होती.
तोच रुझार, धुतलेला शर्ट, हनुवटीखाली व्हायोलिन,
नखांत अजून गांडुळाची माती.
आम्ही दोघं कडेला उभे राहिलो,
उकडलेले चणे खाल्ले, खोबऱ्याच्या कातळ्यांसकट,
कुंदाने आणखी एक द्रोण मागून घेतला.

आणि रोज दुपारी, पंख्याखाली, शब्दकोडं.
पेन्सिल कानावर, पेपर गुडघ्यावर.
आडवे सात: रिकामा वेळ. तीन अक्षरं.
मधे 'व', तो वरून खाली येणाऱ्या 'नवल'मधला.
फुरसत बसत नाही. विसावा बसत नाही, 'व' जागेवर नाही.
रजा तर दोनच अक्षरांची,
सरकारीसुद्धा.
तीन दिवस तेच तीन चौकोन.
रात्री घोरण्याआधी एकदा मी मोठ्यानं 'अवधी' म्हणालो,
पण 'स' आधीच पक्का होता.

शनिवारी ती परसात काटाळलेली वांगी तोडत होती,
तिथूनच ओरडली:
सवड असली तर
न्हाणीचं कौल सरकलंय तेवढं बघा.

मी उठलो. आधी पेन्सिल शोधली.
मग शिडी.

उद्या पहाटेची पहिली फेरी.
खाकी शर्ट दोरीवर वाळतोय, शिटी खुंटीला.
पायपुसणं दारात आहे,
पण पाय त्यावर कुणी देत नाही,
दोघंही ओलांडून जातो.
कोडं घडी करून वरच्या खिशात ठेवलं आहे.
उभे तेराचे दोन चौकोन अजून रिकामे,
आणि या धक्क्यावरून त्या धक्क्याला
दहा मिनिटं लागतात.